‘थोडी चालते’ : बेळगाव सीमाभागातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागात दवाखाना चालविणारे सर्व फॅमिली डॉक्टर व हृदयरोगतज्ज्ञ

सन्माननीय डॉक्टर महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

वडगावात माझे औषधाचे दुकान चौतीस वर्षे चालले. दोन वर्षांपूर्वी ते मी पुतण्याच्या स्वाधीन केले, तरी संध्याकाळी तास-दोन तास गल्ल्याशेजारी बसण्याची सवय सुटलेली नाही. आपण लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचण्यात माझे आयुष्य गेले. त्या चिठ्ठ्यांवर गोळीचे नाव असते, किती मिलिग्रॅमची ते असते, सकाळी की रात्री, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, हे सारे असते. आणि एखाद्या वेळी आकडा लागला नाही तर मी आपल्याला फोन करून विचारत असे, कारण अंदाजाने औषध द्यायचे नाही हे आपल्या दोघांच्याही व्यवसायाचे पहिले कलम आहे.

एकच औषध असे आहे की जे या भागातल्या रुग्णांना वर्षानुवर्षे तोंडी सांगितले जाते आणि ज्याची मात्रा मी आजवर कोणत्याही चिठ्ठीवर पाहिलेली नाही. रुग्ण काउंटरवर येतो, स्टेंटनंतरच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकतो आणि जाता जाता हसत सांगतो, “डॉक्टर म्हणाले, थोडी चालते. हार्टला चांगलीच असते.” हे औषध म्हणजे दारू, आणि हे पत्र त्या ‘थोडी’ या शब्दाविषयी आहे.

माझ्या थोरल्या भावाची हकीकत आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच मी हे लिहायला बसलो. अण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. बासष्टाव्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडण्याच्या दिवशी वहिनींनी मोठ्या डॉक्टरांना मुद्दाम त्यांच्यासमोरच विचारले की यांचे रात्रीचे पिणे आता बंदच ना. डॉक्टर घाईत होते, पण खुशीत होते. “अहो, थोडी वाईन घेतली तर उलट चांगली,” असे म्हणून ते पुढच्या खोलीकडे वळले. अण्णांनी आयुष्यात वाईन कधी पाहिलेली नव्हती. आपल्याकडे ‘वाईन्स’ अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून बाकी सर्व काही खपते, हे आपल्याला सांगायला नको. त्यामुळे ‘थोडी वाईन’ याचा अर्थ अण्णांनी ‘वाईन्समधून आणलेली थोडीशी’ असा लावला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच लावला असता.

वर्षभराने एका रविवारी मी दुकानातले काचेचे मोजपात्र त्यांच्या घरी घेऊन गेलो. अण्णा रोज ज्या स्टीलच्या फुलपात्रातून घेत, त्याच्या कडेखाली एक कोरलेली रेघ होती. त्या रेघेपर्यंत व्हिस्की, वरून पाणी, असे दोनदा. मी त्या रेघेपर्यंत नळाचे पाणी भरून मोजपात्रात ओतले. ८५ मिलिलिटर भरले. दोन वेळचे १७०, म्हणजे एका क्वार्टरला अवघे दहा मिलिलिटर कमी. अण्णांना खरोखरच आश्चर्य वाटले. “मी तर थोडीच घेतो की रे,” ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते.

आता हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारण ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते, ९० मिलिलिटरच्या टेट्रा पॅकमध्ये ३० ग्रॅम आणि क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ज्या वाईनच्या पेल्यावरून ही सारी कथा सुरू झाली, त्या १२५ मिलिलिटरच्या पेल्यात जेमतेम १२ ग्रॅम असते. अण्णांच्या रोजच्या ‘थोडी’मध्ये सुमारे ५७ ग्रॅम होते, आठवड्याचे ४०० ग्रॅम. ब्रिटनच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २०१६ साली स्त्री-पुरुष दोघांसाठीही आठवड्याला १४ युनिट, म्हणजे सुमारे ११२ ग्रॅम, ही मर्यादा सांगितली. तीही फायद्यासाठी नव्हे, तर धोका कमी राहावा म्हणून. आमचे अण्णा हृदयाचे औषध म्हणून तिच्या साडेतीनपट घेत होते, आणि त्यांच्या मते डॉक्टरांच्या परवानगीने.

या कथेचा उगम आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. फ्रेंच माणूस लोणी-चीज खातो, तरी त्याला हृदयविकार कमी, याचे श्रेय रेड वाईनला देणारा सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल यांचा लेख १९९२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच्या आधीच अमेरिकेत टीव्हीवर ही गोष्ट गाजली होती. आलेखावर ‘यू’ किंवा ‘जे’ अक्षरासारखी दिसणारी रेघ तर त्याहून जुनी आहे : अजिबात न पिणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्त, थोडे पिणाऱ्यांत सर्वांत कमी, फार पिणाऱ्यांत पुन्हा जास्त. आपल्यापैकी जे १९९० च्या दशकात शिकले, त्यांनी ती रेघ पाठ्यपुस्तकात पाहिली असेल, आणि तेव्हा ती प्रामाणिकपणे मानली गेली होती. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

पण त्या रेघेत एक खोट होती, आणि ती समजायला वडगावचे माझे काउंटर पुरेसे आहे. माझ्याकडे गेली बारा वर्षे लिव्हरच्या आणि बीपीच्या गोळ्या नेणारे एक काका आहेत. पूर्वी ते भरपूर घेत. काविळीने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवले नाहीत. उद्या कोणी वही घेऊन त्यांच्या दारी गेले आणि “दारू घेता का?” असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येईल, आणि ते ‘न पिणाऱ्यां’च्या रकान्यात जाऊन बसतील. मग त्या रकान्यातले लोक लवकर मरतात असे निघाले तर त्यात नवल काय? ब्रिटिश पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासावरून शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच १९८८ साली दाखवून दिले होते, म्हणजे फ्रेंच वाईनची कथा गाजण्याच्याही आधी. शिवाय रात्री मोजून एक पेला वाईन घेणारा युरोप-अमेरिकेतला माणूस बहुधा सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो; त्याच्या हृदयाचे भले वाईनने केले की बाकीच्या आयुष्याने, हे नुसत्या विचारपूस करणाऱ्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

ते वेगळे काढण्याची एक युक्ती पुढे सापडली. काही माणसांच्या जनुकांत जन्मतःच असा फरक असतो की दोन घोट घेताच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. पूर्व आशियात असे लोक पुष्कळ आहेत. ही माणसे आयुष्यभर कमी पितात, पण ती शिक्षणामुळे, पैशामुळे किंवा आजारपणामुळे नव्हे. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात हीच गंमत पाहायला मिळते. लोकांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यावरून रेघ काढली तेव्हा तीच ओळखीची ‘यू’ उमटली. त्यांतल्या सुमारे १ लाख ६० हजार जणांची जनुके पाहून रेघ काढली, तेव्हा ‘यू’ नाहीसा झाला : पिणे जितके जास्त, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त, आणि हार्ट अटॅकपासून संरक्षण काही दिसले नाही. ब्रिटनमधल्या पावणेचार लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ साली आलेल्या अशाच अभ्यासानेही फायद्याचे श्रेय दारूऐवजी राहणीमानाला दिले.

आपल्या लोकांविषयी म्हणाल, तर हार्ट अटॅकची कारणे शोधणाऱ्या ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात इतरत्र जो थोडासा फायदा दिसला, तो दक्षिण आशियाई लोकांत दिसला नाही. ज्या सल्ल्याचा पाया मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आकड्यांवर होता, तो आपण काकती-कडोलीच्या माणसाला जसाच्या तसा देत राहिलो.

“पण एचडीएल वाढते ना,” असे एका डॉक्टरांनी मला एकदा फोनवर ऐकवले होते. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, वाढते, हे खरे आहे. मात्र एचडीएल वाढविणारी एक नवी गोळी मोठ्या अपेक्षेने तपासली गेली, तेव्हा एचडीएल भरपूर वाढले आणि मृत्यूही वाढले. २००६ साली ती चाचणी थांबवावी लागली. चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा वाढला म्हणजे हृदय वाचले, हे समीकरण तिथेच मोडले. त्याच पेल्यातून ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, वजन वाढते आणि रक्तदाब चढतो, याचे काय, हे मी त्या दिवशी विचारायला हवे होते. संकोचाने विचारले नाही.

या प्रश्नाचा निकाल कायमचा लागला असे मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या समितीने डिसेंबर २०२४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यू न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसतात असा निष्कर्ष काढला, आणि त्यासोबतच स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही नोंदविले. दुसऱ्या बाजूला वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२२ साली, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण हृदयाला हितकारक नाही अशी भूमिका घेतली आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षित असे प्रमाणच नाही असे म्हटले. जाणकारांत वाद आहे, हे मान्य. परंतु ज्या औषधावर जाणकारांतच असा वाद आहे, ते आपण एरवी कोणाला लिहून देता का?

औषधाची खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. दारूच्या बाबतीत तशी मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती. सुमारे ७,८०० लोक घ्यायचे ठरले होते आणि खर्च दहा कोटी डॉलरच्या घरातला होता. त्यातला मोठा वाटा बिअर आणि दारूच्या कंपन्यांकडून येणार होता, आणि तो मिळविण्यासाठी चाचणी आखणाऱ्यांनी त्या कंपन्यांशी आधीच बोलणी केली होती, हे उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये ती बंद करण्यात आली. हृदयासाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या औषधाच्या गाठीशी तशी एकही पूर्ण झालेली मोठी चाचणी नाही. माझ्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त बीपीच्या गोळीच्या मागेही याहून मोठा पुरावा उभा आहे.

आपल्या भागाला ‘औषध म्हणून’ या शब्दांचे वेगळे ओझे आहे, हेही ध्यानात घ्यावे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू होता. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, शिनोळीच्या पुढे, तो कायदा आजही आहे आणि त्याखाली मिळणारा पिण्याचा परवाना आजही आरोग्याचे जतन व्हावे म्हणूनच दिला जातो. माझे वडील पेला उचलताना “प्रकृतीसाठी” असे म्हणत. ते विनोदाने म्हणत की परवान्याच्या आठवणीने, हे मला लहानपणी कळत नसे. पिणाऱ्याला निमित्त पुरविण्याचे काम सरकारी कागदाने पिढ्यान् पिढ्या केलेले आहे. त्यावर डॉक्टरांचा शिक्का बसला की घरातल्या बाईचा विरोध संपतो. वहिनींचा तसाच संपला.

आता काउंटरवर जे दिसते ते सांगतो, कारण ते कदाचित आपल्या खोलीपर्यंत पोहोचत नसेल. ‘थोडी’ घेणारे रुग्ण ज्या रात्री घेतात, त्या रात्री गोळ्या घेत नाहीत. “आज घेतली होती, म्हणून गोळी नको म्हटलं, रिॲक्शन नको,” हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. महिन्याच्या तीस गोळ्यांचे पाकीट सदतीस दिवसांनी संपते तेव्हा मला कळते की सात रात्री कोणत्या होत्या. स्टेंट बसविलेल्या माणसाने पहिल्या वर्षात रक्त पातळ ठेवणारी गोळी अशी अधूनमधून चुकविणे म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. उलट जे दोन्ही घेतात त्यांचे प्रश्न निराळे : ॲस्पिरिनसोबत रोजची दारू आली की पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो, आणि जिभेखालची गोळी दारूवर घेतली की रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस मोरीत कोसळतो.

सर्वांत मोठी भीती शुगरच्या रुग्णांची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, जेवणाआधी उपाशीपोटी नव्वद रिचवायची आणि ‘आता भूक नाही’ म्हणून तसेच झोपायचे. लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मागे पडते. मध्यरात्री घाम सुटतो, बोलणे अडखळते, झोक जातो, आणि घरचे म्हणतात, “चढली आहे, झोपू दे.” यात्रेच्या दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, असा माणूस सकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. येळ्ळूरच्या वाटेवरच्या एका घरात असे घडलेले मला माहीत आहे. तो माणूस वाचला, कारण त्याच्या सुनेने घरातल्या शुगरच्या यंत्रावर बोट टोचून पाहिले.

अण्णांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दीड वर्षांनंतर गावच्या लक्ष्मी यात्रेत दोन दिवस मटण आणि त्यासोबतचे सर्व झाले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे छातीत फडफड सुरू झाली. ईसीजीत ठोके अनियमित निघाले. सुट्टीत आणि सणासुदीत भरपूर पिऊन असे ठोके बिघडतात याला इंग्रजी डॉक्टरी भाषेत १९७८ पासून ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव आहे. आपल्याकडे त्याला ‘यात्रेचे हृदय’ म्हणायला हरकत नाही. त्या रात्री ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या, मूळच्या धारवाडकडच्या. त्यांनी आधी “एष्टु?” असे विचारले, मग स्वतःच मराठीत “किती?” आणि अण्णांनी “थोडीच” म्हटल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी चौतीस वर्षांत कोणाकडून ऐकला नव्हता : “कोणत्या भांड्यातून?”

मी खिशातून तो १७० चा आकडा काढून दिला. त्यांनी तो फाईलवर लिहिला, पुढे टक्केवारी लिहिली, आणि अण्णांना सांगितले की ऑस्ट्रेलियात अशाच ठोक्यांच्या १४० रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांना दारू सोडायला सांगितली त्यांच्यात सहा महिन्यांत त्रास परत होण्याचे प्रमाण ५३ टक्के होते, आणि ज्यांना नेहमीप्रमाणे पिऊ दिले त्यांच्यात ७३ टक्के. अण्णांना टक्के फारसे कळले नाहीत. परंतु एखादी डॉक्टर आपल्या फुलपात्राची चौकशी करते, याचा त्यांच्यावर परिणाम झाला. त्यांनी पूर्ण सोडली असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ते फुलपात्र वहिनींनी तुळशीला पाणी घालायला घेतले आहे.

त्या बाईंनी आणखी एक शहाणपण केले, ते मुद्दाम नोंदवतो. रोज क्वार्टर घेणाऱ्याने एका दिवसात एकट्याने बंद करू नये, हात कापणे, भ्रम, फिट येणे असे होऊ शकते, म्हणून त्यांनी अण्णांना दोन दिवस ठेवून घेतले आणि मगच घरी सोडले. आपल्यापैकी जे रागावून “आजपासून बंद” असे सांगतात, त्यांनी हेही सांगावे.

आपल्याकडे माझे मागणे इतकेच आहे. न पिणाऱ्या रुग्णाला हृदयासाठी सुरू करायला कृपा करून सांगू नका, गमतीतही नाही. पिणाऱ्याला ‘घेता का’ एवढेच न विचारता काय, किती मिलिलिटर, कोणत्या भांड्यातून आणि आठवड्यातून किती दिवस असे विचारा, आणि तो आकडा बीपीच्या आकड्याखाली केसपेपरवर लिहा. त्याला मराठी येत असेल तर मराठीत, कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये समजेल असे सांगा की कमी तितकी बरी आणि नसली तर उत्तम, पण घेतली म्हणून त्या रात्रीची गोळी चुकवायची नाही. कोणती गोळी दारूसोबत खरोखरच धोक्याची आहे, तेही तिच्या नावापुढे लिहा, म्हणजे दुकानात बसलेल्या आमच्या पोरांना ते वाचून दाखविता येईल. आणि एखाद्या रुग्णाला ‘थोडी चालते’ असेच म्हणावे असे आपल्याला सर्व विचारान्ती वाटत असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून द्या : नाव, टक्केवारी, मिलिलिटर, आठवड्यातून किती वेळा, आणि खाली आपली सही.

लहान मुलांच्या सिरपसोबत येतात तसे रेघा मारलेले प्लास्टिकचे मोजकप मी शंभर आणून ठेवले आहेत. ज्या दवाखान्यांना टेबलावर ठेवायला हवे असतील, त्यांनी वडगावच्या दुकानात कंपाउंडरला पाठवावे. पुतण्या पैसे घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
वडगाव, बेळगाव